बेसमेंटचे पन्नास हजार : न्यू जर्सीत घर घेतानाच्या नोंदी

२२ मार्च २०२५

हिल्सबरोमधली दोन घरं आज बघितली. दोन्ही एकाच डेव्हलपमेंटमधली, एकाच बिल्डरची, वरचा प्लॅनही जवळजवळ तोच, चार बेडरूम अडीच बाथ. एकाचं बेसमेंट फिनिश्ड (भिंती-छत-फ्लोअर लावून राहण्याजोगं केलेलं), मागताहेत ७ लाख ८९ हजार. दुसऱ्याचं कोरं, खाली नुसतं काँक्रीट आणि डोक्यावर वरच्या मजल्याच्या उघड्या तुळया (जॉइस्ट), मागताहेत ७ लाख ३९ हजार. शाळा तीच, लॉट साधारण तेवढाच, किचन दोन्हीकडे जुनंच. म्हणजे खालच्या त्या जागेसाठी ५० हजार डॉलर द्यायचे का एवढाच प्रश्न उरतो. इतका स्वच्छ प्रश्न घर शोधताना सहसा मिळत नाही त्यामुळे नीट लिहून ठेवतेय, नाहीतर घरात सकाळी एक मत असतं आणि रात्री जेवताना दुसरंच.

फिनिश्ड घर मार्केटमधे परत आलंय, आधीचा खरेदीदार मागे हटला म्हणे. का ते एजंटताईंना माहीत नाही. नवऱ्याला ते बेसमेंट जाम आवडलंय, रिसेस्ड लाइट्स, बार, फुल बाथरूम आणि एक "बेडरूम". मुलगी तर तिथे टेबल टेनिसचं टेबल मनातल्या मनात लावूनही आली. मला मात्र खाली उतरल्या उतरल्या डीह्युमिडिफायरचा (हवेतला दमटपणा काढणाऱ्या यंत्राचा) आवाज आला आणि कार्पेट अगदी नवंकोरं दिसलं. नवं कार्पेट म्हणजे गुन्हा नाही, पण मार्चमधे डीह्युमिडिफायर कशाला चालू?

२३ मार्च

लिस्टिंगमधे "३,००० स्क्वे. फूट लिव्हिंग स्पेस" लिहिलंय. टाउनशिपच्या टॅक्स रेकॉर्डला २,१८० आहे. मधले ८२० कुठून आले, तर बेसमेंटमधून.

आज यावर बरंच वाचलं. अप्रेझर लोक (कर्ज देणाऱ्या बँकेसाठी घराची किंमत ठरवणारे) जो ग्रॉस लिव्हिंग एरिया मोजतात त्यात बेसमेंट धरतच नाहीत, कितीही भारी फिनिश केलेलं असो. फॅनी मे (बँकांकडून घरकर्जं विकत घेणारी संस्था) ने १ एप्रिल २०२२ पासून एएनएसआय या अमेरिकेतल्या मानक संस्थेचं मोजमापाचं स्टँडर्ड सक्तीचं केलंय आणि त्यात नियम असा की मजल्याचा थोडासा भाग जरी जमिनीच्या खाली असला तरी अख्खा मजला बिलो-ग्रेड, म्हणजे जमिनीखालचा. मागच्या बाजूने दार उघडून थेट यार्डात जाता येणारं वॉकआउट असलं तरी तेच. त्याची किंमत शून्य धरतात असं नाही, रिपोर्टमधे बेसमेंटची वेगळी ओळ असते आणि त्या ओळीत फिनिश्ड असण्याचे पैसे मिळतात, पण वरच्या स्क्वेअर फुटाचा भाव कधीच मिळत नाही.

पुण्यात सुपर बिल्टअपवर फ्लॅट विकायचे आणि घरात शिरल्यावर कळायचं की जिना आणि लॉबीचेही पैसे दिलेत, रेरा आल्यावर कार्पेट एरिया सांगावाच लागतो, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे लिस्टिंगवाला काहीही लिहू दे, बँकेचा अप्रेझर आपली टेप घेऊन येतो.

म्हणून गणित परत मांडलं. ७८९ भागिले ३,००० केलं की २६३ डॉलर स्क्वे. फूट येतात, स्वस्त वाटतं. ७८९ भागिले २,१८० केलं की ३६२. कोऱ्या घराचा वरचा एरिया २,१६०, तिथे ३४२ येतात. नवऱ्याला हे दाखवलं तर म्हणे "बाथरूम तर खरंच आहे ना खाली". आहे. बाथरूम आहे हे मान्य.

२५ मार्च

बाबांना व्हिडिओ कॉल केला. माझे सासरे पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, नाशिकला असतात, अमेरिकेतलं घर त्यांनी कधी बांधलं नाही पण ओल मात्र आयुष्यभर बघितलीये. दोन्ही घरांचे फोटो आधीच पाठवून ठेवले होते. फिनिश्ड घराच्या फोटोंवर एक शब्द बोलले नाहीत, कोऱ्या घराचा कोपरा मात्र झूम करून बसले.

"अगं हा बघ लोणा लागलाय इथे, पांढरं पांढरं. पाणी भिंतीतून येऊन गेलंय कधीतरी."

मी म्हटलं, "बाबा, मग हे घर नको ना?"

"असं कुठं म्हटलं मी? हे दिसतंय तरी. त्या दुसऱ्या घरात लोणा असला तर तुला कोण दाखवणार, त्याच्यावर बोर्ड मारलेत. जमिनीखाली खोली काढली की पाणी येणार हे धरूनच चालायचं, ते बाहेर कसं काढलंय ते विचार."

मग विचारलं की त्या कोपऱ्याच्या बाहेर काय आहे. बाहेरचे फोटो काढले तर छपराच्या पन्हळीचं पाणी खाली आणणारा पाइप, डाउनस्पाउट, नेमका तिथेच, भिंतीपासून जेमतेम फूटभरावर संपतो. छपराचं एवढं पाणी फाउंडेशनच्या पायाशी ओततोय आणि मग आत लोणा दिसला की नवल करायचं. इथल्या बांधकामाच्या कोडात मातीला भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार हवा असं आहे, तिथे उतार उलटा, घराकडेच. दोन्ही गोष्टी बेसमेंटला हातही न लावता सुधारता येतात, आणि काही हजारांत नव्हे तर काहीशे डॉलरमधे.

आई मागून ओरडल्या, "आणि देव खाली ठेवू नका हं तळघरात." बरं.

त्यांच्याशी बोलताना दुसरीच एक गोष्ट उघडी पडली. आमचं बेसमेंटचं मोठं कारण म्हणजे हे दोघं सहा महिने येतील तेव्हा त्यांना स्वतंत्र खोली आणि बाथरूम. पण आईंचे गुडघे! बेसमेंटचे तेरा-चौदा पायऱ्यांचे उभे जिने दिवसातून किती वेळा चढणार त्या? त्या म्हणाल्याच, "मी वरच झोपेन, अगदी सोफ्यावर झोपेन." म्हणजे पाहुण्यांची खोली हा मुद्दा यादीतून गेला. उरलं काय तर मुलीचं खेळणं, नवऱ्याचं ऑफिस, गणपतीचं मखर ठेवायला जागा आणि मंडळाची नाटकाची तालीम. यातल्या कशालाही बार लागत नाही.

१ एप्रिल

ओप्राचं, म्हणजे इथल्या माहिती अधिकाराच्या अर्जाचं उत्तर आलं. न्यू जर्सीत ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली कोणीही टाउनशिपच्या क्लार्ककडे अर्ज करून एखाद्या पत्त्यावरची परमिटं मागू शकतो, सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या माहिती अधिकारासारखंच पण दहा रुपयांचं तिकीट नाही, ऑनलाइन फॉर्म भरला झालं. घर घ्यायच्या आधी हे करणारे लोक इतके कमी का ते कळत नाही.

फिनिश्ड घराच्या पत्त्यावर छप्पर, फर्नेस, वॉटर हीटर, डेक एवढी परमिटं सापडली. बेसमेंटचं एकही नाही. बिल्डिंग नाही, इलेक्ट्रिकल नाही, प्लंबिंग नाही. म्हणजे भिंतीमागची वायर कोणी ओढली, बाथरूमचा ड्रेन कसा नेला, कोणत्याही सरकारी माणसाने कधी बघितलेलं नाही.

यातून काय होतं ते वकिलाकडून समजून घेतलं. परमिट नसलेलं काम घराबरोबर येतं, मालक बदलला म्हणून माफ होत नाही. टाउनशिपने मनावर घेतलं तर नव्या मालकाला परमिट काढायला लावतात, इन्स्पेक्टरला आतलं दिसावं म्हणून ड्रायवॉल कापावं लागू शकतं. आणि आपण विकायला काढू तेव्हा समोरचाही ओप्रा करेलच.

ती "बेडरूम" तर कोडात बसतच नाही. झोपायच्या खोलीला आग लागली तर बाहेर पडण्याइतकी खिडकी लागते, उघडल्यावर मोकळी जागा ५.७ स्क्वे. फूट, उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच, आणि खिडकीचा उंबरा खोलीच्या फ्लोअरपासून ४४ इंचाच्या वर नको. गंमत म्हणजे २४ गुणिले २० केलं तर फक्त ३.३ स्क्वे. फूट होतात, म्हणजे दोन्ही किमान मापं घेऊनही खिडकी नापास, कुठलं तरी एक माप मोठं करावंच लागतं. तिथली खिडकी छताला चिकटलेली, पुस्तकाच्या फळीएवढी. मांजर निघेल.

हे मला नुसतं कागदी वाटत नाही. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस झाला तेव्हा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका तासात ३.१५ इंच पडला, आणि शहरात जे लोक गेले त्यातले बरेचसे बेसमेंटच्या घरांमधे अडकून गेले, बहुतेक क्वीन्समधे. आमच्या शेजारचं मॅनव्हिल, जिथे रॅरिटन आणि मिलस्टोन नद्या मिळतात, तिथे तर घरंच्या घरं पाण्यात होती.

२ एप्रिल

नवरा अजून पूर्ण सोडायला तयार नव्हता आणि त्याचा एक मुद्दा खरोखर चांगला आहे म्हणून लिहून ठेवते. तो म्हणतो की फिनिश्ड घेतलं तर ते ५० हजार मॉर्गेजमधे जातात. २० टक्के डाउन पेमेंट धरलं तर खिशातून जास्तीचे १० हजार आणि उरलेल्या ४० हजारांवर पावणेसात टक्क्याने तीस वर्षं महिन्याला २५९ डॉलर. उलट कोरं घेऊन नंतर फिनिश करायचं तर सगळी रोकड लागणार किंवा होम इक्विटी लोन (घर तारण ठेवून काढलेलं वेगळं कर्ज), त्याचा दर जास्त. शिवाय सहा आठवडे घरात धूळ. बरोबर आहे. काम परमिट काढून झालेलं असतं, सगळे कागद असते आणि भिंती कोरड्या असल्याचा काही पुरावा असता तर मी हो म्हटलं असतं, कारण दुसऱ्याने केलेलं फिनिशिंग सहसा त्याच्या खर्चापेक्षा कमी भावात मिळतं, तोटा त्याचा झालेला असतो.

म्हणून आधी फिनिश्ड घराला ७ लाख ५० हजारांची ऑफर दिली, परमिटं विक्रेत्याने क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होण्याच्या) आधी काढून द्यायची या अटीवर. दोन तासांत नाही आलं. "अ‍ॅज इज" म्हणे, आहे तसंच घ्या. मग समजलं आधीचा खरेदीदार का पळाला असेल ते.

संध्याकाळी कोऱ्या घराला ऑफर.

५ एप्रिल

मिळालं. हायेस्ट अँड बेस्ट, म्हणजे सगळ्यांकडून शेवटची सर्वोत्तम ऑफर मागवली होती, ७ लाख ४६ हजारांना आमचं झालं. म्हणजे दोघांतला फरक ४३ हजारांवर आला. तीन कामकाजाच्या दिवसांची अटर्नी रिव्ह्यू (वकिलांनी करार तपासणं) चालू.

विक्रेत्याच्या डिस्क्लोजर फॉर्मवर आता पुराचे प्रश्न असतात, २० मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत ते सांगणं बंधनकारक झालंय. पूर आलेला नाही, फेमाच्या (केंद्राच्या आपत्ती खात्याच्या) पूर-नकाशात झोन एक्स, म्हणजे धोका कमी, कोपऱ्यात "जोराच्या पावसात कधीकधी ओलावा" असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. लपवलं नाही हे आवडलं.

११ एप्रिल

इन्स्पेक्शन. इन्स्पेक्टर बेसमेंटमधेच सगळ्यात जास्त वेळ रमला कारण त्याला सगळं दिसत होतं, फाउंडेशन, पाइप, बीम, विजेचं पॅनल. म्हणाला की भिंती झाकलेल्या असल्या की रिपोर्टमधे "पाहता आले नाही" एवढंच लिहावं लागतं. एक उभी बारीक चीर सापडली, काँक्रीट वाळताना आकसतं त्याची, इपॉक्सी भरून घ्या म्हणाला. आडवी चीर असती तर बाहेरच्या मातीचा दाब भिंतीला आत ढकलतोय असा अर्थ आणि तिथून मी पळाले असते. संप पंप (बेसमेंटच्या खड्ड्यात साठणारं पाणी बाहेर फेकणारा) चालू पण बॅटरी बॅकअप नाही, म्हणजे वादळात लाइट गेले की नेमका तेव्हाच पंप बंद.

उंची मोजली. जॉइस्टखाली ७ फूट ८ इंच, डक्टखाली ६ फूट ७. एएनएसआयला फिनिश्ड म्हणायला ७ फूट लागतात, बीम आणि डक्टखाली ६ फूट ४ चालतात. खाली फ्लोअर आणि वर ड्रायवॉल मिळून तीन इंच गेले तरी बसतं. जुन्या घरात हे सगळ्यात आधी मोजावं, उंचीच नसली तर पुढची चर्चा फुकट आहे, फ्लोअर खोदून खाली नेणं हा वेगळाच आजार.

१४ एप्रिल

रेडॉन ५.२ आलं. आमची सॉमरसेट काउंटी ईपीएच्या (केंद्राच्या पर्यावरण संस्थेच्या) नकाशात झोन १ मधे, म्हणजे सगळ्यात जास्त शक्यतेच्या गटात आहे त्यामुळे धक्का नाही बसला. मर्यादा ४ पिकोक्युरी प्रति लिटर, तेवढं किंवा त्याच्या वर असेल तर उपाय करा सांगतात. घराच्या खालच्या जमिनीतून येणारा वायू, वास नाही रंग नाही, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरला सिगरेटनंतर नंबर याचाच. खाली बसून आठ तास काम करणाऱ्या माणसाने तर नक्कीच टेस्ट करावी. उपाय सोपा, स्लॅबला भोक पाडून पाइप आणि पंखा लावतात, खालची हवा छपरावर सोडतात. विक्रेता करून देतोय, राज्याचं सर्टिफिकेट असलेल्या माणसाकडून. फिनिश व्हायच्या आधी हे झालं ते बरंच, पाइप कुठून न्यायचा ते आपल्या सोयीने ठरलं.

२६ एप्रिल

रेडॉनची परत टेस्ट १.१. झकास.

फिनिशिंगची कोटेशनं आली. बाथरूमशिवाय ४२ हजार, बाथरूम आणि मोठ्या खिडकीसकट ६१ हजार. बाथरूम एवढं महाग कारण घराचा मुख्य सीवर पाइप भिंतीतून फ्लोअरच्या वरच बाहेर जातो, म्हणजे खालचं सांडपाणी वर ढकलायला इजेक्टर पंप आणि त्यासाठी स्लॅब फोडणं आलं. एकजण काँक्रीटला चिकटून फायबरग्लास आणि त्यावर प्लास्टिक लावतो म्हणाला, त्याला तिथेच नमस्कार केला, भिंतीतून येणारा दमटपणा त्या लोकरीत अडकून बुरशी धरणार. दुसऱ्याने आधी काँक्रीटला फोम बोर्ड, मग पुढे स्टडची भिंत, खालची पट्टी प्रेशर ट्रीटेड लाकडाची, फ्लोअरला कार्पेट नको व्हिनाइल प्लँक असं सांगितलं. त्याचा १३ व्हीएचने सुरू होणारा राज्याचा कॉन्ट्रॅक्टर रजिस्ट्रेशन नंबरही कोटेशनवर छापलेला, तो राज्याच्या साइटवर तपासला.

आता परताव्याचं. रिअल्टर्सच्या (घरांच्या एजंटांच्या) राष्ट्रीय संघटनेचा रिमॉडेलिंग रिपोर्ट असतो, त्यात बेसमेंट राहण्याजोगं करण्याचा खर्च विकताना किती वसूल होतो याचा अंदाज २०२२ ला ८६ टक्के होता आणि याच महिन्यात आलेल्या २०२५ च्या रिपोर्टमधे ७१ टक्के. घरं तीच, बेसमेंटं तीच, तीन वर्षांत पंधरा टक्के घसरले, यावरूनच कळतं की हा आकडा किती हलतो. आणि हे अंदाज आहेत, प्रत्यक्ष विक्रीचे हिशोब नाहीत. दोन्हीत शंभरच्या खालीच आहे एवढं मात्र पक्कं.

९ मे

अप्रेझल आलं, ७ लाख ४६ हजारांना पास. मला खरं कुतूहल आतल्या तक्त्याचं होतं. तुलनेच्या घरांमधे एक आमच्याच डेव्हलपमेंटमधलं, फिनिश्ड बेसमेंट आणि खाली हाफ बाथ असलेलं. आमचं कोरं असल्यामुळे त्याच्या किमतीतून बेसमेंटच्या ओळीत अप्रेझरने वजा किती केले? २८ हजार. शेजारच्या ओळीत वरच्या एरियातला फरक मात्र चांगल्या दराने लावलाय.

म्हणजे जे विक्रेता ५० हजार म्हणत होता ते तिसऱ्या माणसाच्या हिशोबात २८ हजार, तेही कागद नीट असतील तर. एक रिपोर्ट म्हणजे वेदवाक्य नाही, दुसरा अप्रेझर ३५ लावेल, जिथे सगळ्याच घरांची बेसमेंटं फिनिश्ड आहेत तिथे नसणं जास्त महाग पडेल. पण आमच्या गल्लीतला आकडा आता माझ्याकडे आहे, लेखांमधला सरासरी नव्हे. नवऱ्याने तक्ता दोनदा वाचला आणि टेबल टेनिसच्या टेबलाची किंमत बघायला लागला.

एक विसरायच्या आत, टॅक्स. परमिट काढून फिनिश केलं की टाउनशिपचा असेसर (घराचं करासाठीचं मूल्य ठरवणारा) येतो आणि अ‍ॅडेड असेसमेंट लागतं. समजा ३० हजारांनी वाढलं आणि दर दोन टक्के धरला तर वर्षाला ६०० डॉलर, दहा वर्षांत सहा हजार. परताव्याच्या कुठल्याही लेखात ही ओळ मला सापडली नाही.

६ जून

क्लोजिंग झालं. इन्शुरन्सवाल्याशी बोलून वॉटर बॅकअपचं एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) घेतलं, संप पंप बंद पडून पाणी आलं तर साध्या पॉलिसीत ते येत नाही. बाहेरून आलेल्या पुराला सरकारी फ्लड पॉलिसी वेगळी, आणि तीही बेसमेंटमधे फर्नेस, वॉटर हीटर, पॅनल, संप पंप असल्या गोष्टींना पैसे देते, फिनिश्ड भिंती, कार्पेट, सोफा, टीव्हीला नाही. म्हणजे खाली जितकं जास्त सजवू तितकं स्वतःच्या जिवावर. नवल म्हणजे तिथे बेसमेंटची व्याख्या वेगळी, चारही बाजूंनी जमिनीखाली असेल तरच. अप्रेझरचं वॉकआउट बेसमेंट फ्लडवाल्यांच्या लेखी बेसमेंटच नसतं.

डाउनस्पाउट दहा फूट लांब नेला, कोपऱ्यात माती भरून उतार केला, चीर भरली, पंपाला बॅटरी. सगळं मिळून सतराशेच्या आत.

१५ जुलै

काल संध्याकाळी न्यू जर्सीत जो पाऊस झाला तो टीव्हीवर सगळ्यांनी बघितलाच असेल, गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केली, प्लेनफिल्डमधे गाडी वाहून जाऊन दोघे गेले. आम्ही दोघं टॉर्च घेऊन खाली. पंप दर काही मिनिटांनी चालू होत होता. लोण्याचा कोपरा हाताला गार लागला, ओला नाही. फ्लोअरमधून ओल येते का बघायला चौकोनी प्लास्टिक टेप करून ठेवलं होतं त्याच्याखाली सकाळी थेंब नव्हते. स्लॅबच्या एका सांध्यात, फर्नेसच्या मागे, हातभर काळसर पट्टा मात्र आलाय. कोरी भिंत आहे म्हणून दिसला.

३ ऑगस्ट

तो पट्टा दोन दिवसांत वाळला, पण बाहेरून तिथे एसीच्या युनिटखाली माती बसलीये, ते भरून घ्यायचंय. बाबांचं म्हणणं एक अख्खं वर्ष काही करू नका, बर्फ वितळताना मार्चमधे काय होतं ते बघा. नवरा म्हणतो हिवाळ्यात कॉन्ट्रॅक्टर स्वस्त मिळतात. तडजोड अशी ठरली की मार्चपर्यंत थांबायचं, मग अर्धंच फिनिश करायचं, ४५० स्क्वे. फूट, बाथरूम नाही, बार नाही, बेडरूम म्हणायची नाही. फर्नेसची बाजू आणि तो सांधा उघडाच ठेवायचा. कोटेशन २४ हजार, परमिटसकट. विकताना त्यातले १५ परत आले तरी चालेल, उरलेले नऊ हजार आम्ही वापरून संपवणार आहोत.

टेबल टेनिसचं टेबल तूर्त काँक्रीटवरच लागलंय. परमिटचा फॉर्म डाउनलोड केलाय, त्यात प्लॅन मालकाने स्वतः काढला तरी चालतो असं लिहिलंय, त्यामुळे बाबांनी नाशिकहून ग्राफ पेपरवर काढून फोटो पाठवलाय, मापं मीटरमधे. ती फूट-इंचात करायची आहेत.